माझ्याकडचं शिकवून झालं

प्रिय घाईबाई,

या नावाने तुला आता कुणी हाक मारत नसेल. ग्रँडमास्टर बाईंना घाईबाई म्हणायची कुणाची छाती आहे? पण मला दुसरं काही लिहायला जमेना. दोनदा कोरा कागद घेतला, तुझं पुरं नाव लिहिलं, पुढे मान देणारं काहीतरी जोडलं, आणि वाचून बघितलं तर एखाद्या स्पर्धेच्या आयोजकांना केलेला अर्ज वाटला. दोन्ही कागद फाडले. तेव्हा रागावू नकोस. तू तेहतीस वर्षांची झालीस हे मला माहीत आहे, पण माझ्या डोळ्यांपुढे तू येतेस ती दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसलेली आणि समोरच्याने चाल करायच्या आधीच हात पुढे केलेली.

आधी इकडची खबर देतो. आपला क्लास आता चौथ्या मजल्यावर नाही. लिफ्ट वरचेवर बंद पडते आणि जिन्यापुढे माझ्या गुडघ्यांनी संप पुकारला, म्हणून तळमजल्यावर जिथे झेरॉक्सचं दुकान होतं ती खोली घेतली. खोली लहान आहे, चारच टेबलं मावतात, आणि शाईचा वास काही केल्या जात नाही. आमच्या सौ., म्हणजे तुझ्या काकू, पोस्टातून निवृत्त झाल्या. दोन महिने त्यांनी घरात बसून पाहिलं, मग एक दिवस क्लासमध्ये आल्या आणि हजेरीपट ताब्यात घेतला. मुलं मला घाबरत नाहीत, त्यांना घाबरतात. परवा एका मुलीच्या आजोबांनाच त्यांनी उशिरा आल्याबद्दल बाहेर उभं केलं. भूगोलाचे मास्तर गेले. त्र्याऐंशीचे होते. आदल्या आठवड्यापर्यंत येऊन खेळत होते आणि हरल्यावर पटावरचा प्रकाश कमी आहे म्हणत होते.

त्यांच्यावरून तुझा पहिला दिवस आठवला. इमारतीची लिफ्ट सात महिने दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकून बसली होती, ती दुरुस्त करायला तुझे वडील आले. तेलाने काळे झालेले हात अंगापासून लांब धरून ते क्लासच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "मास्तर, तासभर पोरीला इथे बसवू का? शाळा लवकर सुटली, घरी कुणी नाही. त्रास नाही देणार." तू सात वर्षांची होतीस, एक मोजा घसरून घोट्यापाशी गोळा झालेला. तासभर कुठला, दहाव्या मिनिटाला तू त्रास दिलास. भूगोलाचे मास्तर माझ्याशी खेळत होते. तू त्यांच्या कोपरापाशी जाऊन म्हणालीस, "आजोबा, तुमचा घोडा मरतोय." ते घुश्शात म्हणाले, "माहीत आहे मला." तू म्हणालीस, "मग हलवा की!" खरं सांगतो, त्यांना माहीत नव्हतं, आणि तू बोलेपर्यंत मलाही दिसलं नव्हतं. वडील जेवणाच्या सुट्टीत तुझ्याशी खेळायचे, तेवढंच तुझं शिक्षण. लिफ्ट सुरू झाली आणि दुसऱ्या दिवशीपासून तू एकटी तिच्यातून वर यायला लागलीस.

मी त्या वेळी पस्तिशीचा होतो आणि स्वतःला संपलेला माणूस समजत होतो. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुम्हा मुलांना वाटायचं, सर मोठे खेळाडू होते, आता मोठेपणाने शिकवतात. मोठेपणा वगैरे काही नव्हतं. सोळाव्या वर्षापासून चौतिसाव्या वर्षापर्यंत मी बुद्धिबळाशिवाय काही केलं नाही. एका खोलीत चौघं खेळाडू, बेसिनमध्ये धुतलेला शर्ट खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेला, सकाळी तोच अर्धा ओला अंगात. वर्षातले सात महिने घराबाहेर. घर तुझ्या काकूंच्या पगारावर चालायचं आणि मी त्या घरात पाहुण्यासारखा यायचो, टॉवेल कुठे आहे हेही विचारावं लागायचं. ग्रँडमास्टर व्हायला एखाद्या मोठ्या स्पर्धेत ठरलेली कामगिरी तीनदा करावी लागते. माझी दोनदा झाली. तिसऱ्या वेळी शेवटच्या फेरीत मला जिंकणं भाग होतं, आणि पटावर डाव होताही तसाच. उंट बळी द्यायचा, राजाला उघड्यावर आणायचं आणि मागे लागायचं. मला ते दिसत होतं. मी चाळीस मिनिटं त्या उंटाकडे बघत बसलो. मग एक प्यादं एक घर पुढे सरकवलं, आपलं सगळं जागच्या जागी राहील असं. डाव बरोबरीत सुटला. समोरच्याने हस्तांदोलन करताना हळूच विचारलं, "उंट का नाही दिला?" मी म्हटलं, "हिशोब जुळत नव्हता." हिशोब जुळत होता. मला भीती वाटली, बस्स. त्यानंतर तसा डाव पुन्हा आला नाही.

हे एवढं आज सांगतोय ते अशासाठी की पुढचं तुला नीट कळावं. तू क्लासमध्ये आलीस तेव्हा मोहरी उधळत होतीस. वजीर काय, हत्ती काय, काहीही देऊन टाकायचीस आणि समोरच्याच्या राजाच्या मागे धावायचीस. दहापैकी सहा डाव हरायचीस, पण उरलेले चार जिंकायचीस ते बघायला बाकीची मुलं आपले डाव सोडून गोळा व्हायची. मी तुला शिस्त लावली. आधी राजा सुरक्षित, मग बाकीचं. फुकट काही द्यायचं नाही. हरलेला डाव त्याच दिवशी घरी जाऊन लिहून काढायचा आणि प्रत्येक चुकीखाली लाल रेघ मारायची. तुझ्या वह्या मी अजून ठेवल्या आहेत. पहिली वही बघ, पानभर लाल. बाराव्या वर्षापर्यंत ती शिस्त तुला मानवली, तू भराभर वर गेलीस, वर्तमानपत्रात तुझा फोटो आला आणि खाली माझं नाव. ते कात्रण मी पाकिटात ठेवून फिरायचो. तुझ्या काकू म्हणायच्या, "लग्नाचा फोटो कधी ठेवला नाहीत पाकिटात."

मग तू थांबलीस. तेराव्या वर्षी जे रेटिंग होतं तेच चौदाव्या वर्षी. हरत नव्हतीस, बरोबऱ्या करत होतीस. माझ्यासारखी खेळायला लागली होतीस, हे मला सगळ्यांच्या आधी कळलं. पट नीटनेटका, प्रत्येक मोहरं कुणाच्या तरी आधाराने उभं, आणि चेहऱ्यावर काही नाही. मी स्वतःला सांगायचो, वय आहे, शाळेचा अभ्यास वाढलाय, होईल हळूहळू.

त्याच सुमारास बाईंचं पत्र आलं. ज्यांच्याकडे तू पुढे शिकायला गेलीस त्याच बाई. त्यांनी तुझे डाव कुठल्याशा मासिकात पाहिले होते, जुने आणि नवे दोन्ही. दीड पानाचं, सरळ पत्र होतं. या मुलीच्या आतला खेळ दाबला जातोय असं मला वाटतं, तुम्ही तिचा पाया उत्तम घातला आहे, आता तिला माझ्याकडे द्या, राहण्याची सोय माझ्या घरी होईल, तिच्या आईवडिलांना हे पत्र दाखवा. मी ते दोनदा वाचलं, घडी घातली आणि टेबलाच्या खालच्या खणात डावांच्या कागदांखाली ठेवलं. उद्या दाखवू असं म्हटलं. तू लहान आहेस, घरापासून लांब राहशील कशी, वडील तयार होणार नाहीत, परीक्षा तोंडावर आहे. माझ्याकडे कारणांची कधीच कमी नव्हती. तुला कळेपर्यंत एक वर्ष आणि आठ महिने ते पत्र त्या खणात होतं. तू त्याच टेबलापाशी बसून खेळायचीस. तुझा गुडघा त्या खणाला लागायचा.

तुला ते कधी कळलं तेही मला माहीत आहे. राष्ट्रीय स्पर्धेत सातव्या फेरीच्या आधी मी सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला चहा घेत उभा होतो. बाई तुझ्याशी बोलत होत्या. मला शब्द ऐकू आले नाहीत, पण त्यांनी काहीतरी विचारलं, तू मान हलवून नाही म्हणालीस, आणि मग तू सगळ्या टेबलांवरून माझ्याकडे बघितलंस. अर्धा क्षण. कप माझ्या हातात तसाच राहिला. मग पंचांनी घंटा वाजवली, तू जाऊन बसलीस आणि त्या डावात सोळाव्या चालीला तू घोडा दिलास. दोन वर्षांत पहिल्यांदा काहीतरी देऊन टाकलंस. एकोणतिसाव्या चालीला समोरच्या मुलीने हार मानून हात पुढे केला. मी लांबून बघत होतो, आणि तुला काय वाटेल ते वाटो, मला आनंद झाला. शरमही वाटत होती, पण आनंद आधी झाला.

परतीच्या गाडीत सहा तास आपण समोरासमोर बसलो होतो. मी प्रत्येक स्टेशनला वाट बघत होतो की आता विचारशील. उत्तरं तयार करत होतो, सगळी खोटी. उतरताना तू एवढंच म्हणालीस, "सर, तुमची पाण्याची बाटली राहिली." पंधरा दिवसांनी क्लासची किल्ली टेबलावर ठेवलीस आणि म्हणालीस, "पुढच्या महिन्यापासून मी बाईंकडे जाणार आहे. तुम्ही मला खूप शिकवलंत, सर." वाकून नमस्कार केलास आणि गेलीस. लिफ्ट वर असूनही जिन्याने गेलीस. मी मोजत होतो तुझी पावलं, पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू येत होती.

महिनाभराने तुझे वडील आले. मला वाटलं, आता माझी वेळ भरली. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत. म्हणाले, "पोरीने बजावलंय, सरांशी भांडायचं नाही. मी लिफ्टचं तेलपाणी करायला आलोय." आणि खरोखरच दोन तास त्यांनी लिफ्टचं काम केलं. जाताना हात पुसत पुसत दारात थांबले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आमच्या कामात मास्तर, दार अडवून धरलं की लिफ्ट जागची हलत नाही. बिघाड दुसरा काही नसतोच." एवढं बोलून गेले. त्यांना तू किती सांगितलं होतंस ते मला आजतागायत ठाऊक नाही. पण दुसऱ्या कुणालाही सांगितलं नाहीस, हे नक्की ठाऊक आहे. बुद्धिबळाचं जग म्हणजे केवढंसं, चार माणसांत गोष्ट सकाळी बोलली की संध्याकाळी सगळ्या सभागृहात होते. तुझ्या एका वाक्याने माझा क्लास बंद पडला असता. ते वाक्य तू कधी बोलली नाहीस.

उलट बोललीस ते भलतंच. तू ग्रँडमास्टर झालीस त्या आठवड्यातली मुलाखत मी उभ्या उभ्या वाचली, पेपरवाल्याच्या टपरीपाशी. तुझ्या घडणीबद्दल विचारल्यावर तू बाईंचं नाव घेतलंस, आणि मग म्हणालीस, "त्याआधी नऊ वर्षं माझे सर होते. त्यांनी माझी एकही चूक माझ्यापासून लपवली नाही. ती सवय नसती तर मी इथवर आले नसते." हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. आधी वाटलं टोमणा आहे. मग वाटलं, नाही, तू टोमणे मारणारी नाहीसच. माझं जेवढं खरं होतं तेवढं तू उचललंस आणि चार लोकांत मांडलंस, बाकीचं तसंच राहू दिलंस. पुढच्या महिन्यात माझ्याकडे एकोणीस नवी मुलं आली. गेली बारा वर्षं मी त्या तुझ्या वाक्यावर मास्तर म्हणून मिरवतोय.

मिरवतोय असं म्हटलं, पण त्याबरोबर थोडं कामही केलं, ते तुला कळायला हवं. तू गेल्यापासून दरवर्षी परीक्षा संपल्या की मी एकेका मुलाच्या वहीपुढे बसतो आणि स्वतःला विचारतो, याला माझ्याजवळ ठेवण्यात फायदा कुणाचा? जिथे उत्तर माझा असं आलं, तिथे त्याच आठवड्यात मी पालकांना बोलावून घेतलं. असे चौघं झाले. दोघं बाईंकडेच गेले, एक परदेशात शिकायला गेली, एक मुलगा खेळ सोडून डॉक्टर झाला आणि तेच त्याच्यासाठी बरोबर होतं. ते चौघं तुला ओळखत नाहीत, पण त्यांची वाट तू मोकळी केलीस. तुझ्या जाण्याने मी शिकवायला शिकलो. हे बोलायला मला सतरा वर्षं लागली, म्हणजे बघ, मला कुणी घाईबाई म्हणेल हा धोका नाही.

खणातल्या पत्राचं तुझ्या काकूंना मी दोन महिन्यांपूर्वी सांगितलं. क्लासची वरची खोली रिकामी करताना ते हातात आलं, आणि लपवायचा कंटाळा आला. त्या शांतपणे म्हणाल्या, "मला माहीत होतं. पोस्टात ते माझ्याच टेबलावरून गेलं होतं. पाठवणारीचं नाव वाचलं होतं मी." मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? म्हणाल्या, "विचारलं असतं तर तुम्ही खोटं बोलला असता. मग मला त्या खोट्याबरोबर संसार करावा लागला असता." मग चहा टाकला. चहा पिता पिता म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? जिला सांगायचं तिला सांगा." म्हणून सांगतोय. माझं चुकलं, घाईबाई. तुझी वीस महिन्यांची वाढ मी खुंटवली, आणि ती तुझ्या भल्यासाठी नाही, मी एकटा पडेन या भीतीने. आणि ते कळूनही तू मला उघडं पाडलं नाहीस, याबद्दल मी तुझा ऋणी आहे. माफी मागायची ती मागितली. पण लिहायला बसलो तेव्हा माफीपेक्षा आभारच जास्त निघताहेत, त्याला मी काय करू?

आता या पत्राचं खरं कारण. गेली पाच वर्षं माझ्याकडे एक मुलगी येते. तेरा वर्षांची आहे. तिची आई चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते, घरात त्या दोघीच. ही विचार करताना गुणगुणते, म्हणून तिचं नाव गुणगुणी. दोनदा पंचांनी ताकीद दिली आहे. दोन वर्षांपूर्वी एका डावात तिने हत्ती देऊन घोडा घेतला. मी सवयीने म्हटलं, "परत ठेव." तिने विचारलं, "का?" मी तो डाव तसाच लिहून घेतला. घरी जाऊन तपासलं तर तिची चाल बरोबर होती. तेव्हापासून मी तिला तुझे डाव दाखवायला लागलो, कारण असं खेळणारं माझ्या माहितीत दुसरं कुणी नव्हतं. आधी मी समजावून सांगायचो. मग आम्ही दोघं मिळून शोधायचो. गेल्या पावसाळ्यापासून तीच मला समजावते. तू अमुक प्यादं का सोडलंस, इथे घाई न करता का थांबलीस, हे ती मला बोट ठेवून दाखवते आणि मी मान हलवतो. मागच्या सोमवारी तिने विचारलेल्या प्रश्नाला मी पहिल्यांदा सरळ म्हटलं, "मला माहीत नाही. माझ्याकडचं तुला शिकवून झालं." तिचे डोळे भरून आले, माझेही. मग तिच्या आईला बोलावून घेतलं. त्याच आठवड्यात वाचलं होतं की तू स्पर्धा कमी करून शिकवायला सुरुवात करते आहेस.

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, पाकिटावर तिकीट नाही. ज्यांनी ते तुझ्या हातात दिलं त्या तिच्या आई, आणि त्यांच्या मागे चष्मा सावरत उभी आहे ती गुणगुणी. पाकीट मी मुद्दाम चिकटवलं नाही. दोघींना सांगितलंय, वाटेत वाचलंत तरी चालेल, तुमच्यापासून लपवण्यासारखं त्यात काही नाही. तू तिला घ्यावंस असा माझा हट्ट नाही. एक डाव खेळून बघ, तिच्याशी खरं बोल आणि जमणार नसेल तर तेही तिलाच सांग. पण ते सगळं नंतर. आधी त्यांना आत घे. पहाटेच्या गाडीने निघाल्या आहेत, दोघींनी सकाळपासून काही खाल्लं नसेल, आणि विचारलंस तर नको म्हणतील. तेव्हा विचारू नकोस, सरळ वाढ.

तुझाच,
पहिला मास्तर